वंशावळीतली रिकामी जागा

(गिरणगावातील महिला मंडळे, बचतगट आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

संयोजकांनी मला विषय दिला तो 'स्थलांतरित कुटुंबांचा इतिहास आणि स्त्रिया' असा. तो ऐकून थोडं दडपणच आलं. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली बारा वर्षं लालबाग, परळ, काळाचौकी या भागात कौटुंबिक सल्ला केंद्राचं काम करते. नवऱ्यानं टाकलेल्या, घराबाहेर काढलेल्या, कागदावर नाव नाही म्हणून अडलेल्या बायका रोज समोर येऊन बसतात. तेव्हा आज मी तुम्हाला पुस्तकातलं कमी आणि घरातलं जास्त सांगणार आहे. घरातलं म्हणजे माझ्याच घरातलं.

२०१६ साली माझी आजी गेली, वडिलांची आई. वय पंच्याऐंशीच्या आसपास. नक्की किती, ते कुणालाच माहीत नव्हतं. मृत्यूची नोंद करायला भाऊ आणि मी गेलो. त्या अर्जात एक रकाना असतो, मृत व्यक्तीच्या आईचं नाव. भावानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आजीच्या आईचं नाव काय? आईला फोन लावला, तिला ठाऊक नाही. मोठ्या आत्याला लावला, तीही म्हणाली, "आम्ही तिला मोठी आयच म्हणायचो गं." गावी चुलत्यांना विचारलं. त्यांनी आजोबांच्या बाजूचे सात पिढ्यांचे पुरुष धडाधड सांगितले, पण हे एक नाव सांगता येईना. मागे रांग खोळंबली होती. शेवटी आम्ही त्या रकान्यात रेघ मारली.

ती रेघ मला फार लागली. कारण आमचं कुटुंब मुंबईत टिकलं ते या आजीमुळे, आणि आजी मुंबईत उभी राहिली ती तिच्या माहेरच्या बायकांमुळे. ते कसं, तेच आज सांगायचं आहे.

भाऊ भावाला आणतो, हे अर्धंच खरं

आपल्या सगळ्यांच्या घरात मुंबईत येण्याची एक गोष्ट असते. 'पणजोबा बोटीनं आले, गाववाल्याच्या खोलीवर उतरले, मुकादमानं गिरणीत लावलं.' गोष्ट खोटी नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून ताडदेवला ती गिरणी चालू झाली. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांना माणसं पुरवली ती रत्नागिरी जिल्ह्यानं (तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता), साताऱ्यानं, कोल्हापूर आणि पुण्याच्या गावांनी. एका गावाची एक खोली. त्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीनं झोपत. एकाचा बिछाना गुंडाळला की दुसऱ्याचा पसरला. १९२१ च्या जनगणनेच्या सुमारास या शहरात हजार पुरुषांमागे जेमतेम पाच-साडेपाचशे बायका होत्या.

मग बाकीच्या बायका कुठे होत्या? गावी होत्या. भाताची लावणी, नाचणी-वरीची शेतं, गुरं, म्हातारी माणसं, मुलं हे सगळं बघत होत्या. गिरणीतला पुरुष आजारी पडला की गावी, संप झाला की गावी, म्हातारा झाला की गावी. बाळंतपणालाही बाई गावीच जाणार. आता हिशेब मांडा. गिरणीमालकाला कामगार स्वस्तात मिळाला, कारण त्याच्या आजारपणाचा, बेकारीचा आणि म्हातारपणाचा खर्च कोकणातली एक बाई बिनपगारी राबून भरत होती. मनीऑर्डर गावी यायची, तिची पावती असायची, पोस्टात नोंद असायची. गावाकडून मुंबईकडे जे यायचं त्याची नोंद कुणी केली? तांदळाची पोटली, कुळीथ, सुकी मासळी, वाढवलेली मुलं यांची पावती कुठे आहे? आणि ज्या जमिनीत ती राबली त्या जमिनीच्या सात-बाऱ्यावर तिचं नाव होतं का? माझ्या पणजीचं नव्हतं.

हे दुःख फक्त आपलंच आहे असंही नाही. आयर्लंड नावाचा लहानसा देश आहे. तिथून माणसं तीनशे वर्षं अमेरिकेला जात आली आहेत. अठराव्या शतकात गेलेल्या कित्येकांकडे बोटीच्या भाड्याचे पैसे नव्हते. ते फेडण्यासाठी त्यांनी तिकडे काही वर्षं बांधील मजुरी केली. मुकादमाची उचल फेडत राबणारे आपले लोक आठवतात ना? पुढे १८४५ पासून तिथं बटाट्याच्या पिकावर रोग पडला, मोठा दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या काळात आणि नंतर हजारो तरुण, बिनलग्नाच्या आयरिश मुली एकट्या अमेरिकेला गेल्या. लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक केला, पैसे साठवले आणि त्या पैशावर धाकट्या बहिणींना, भावांना बोलावून घेतलं. म्हणजे तिथं बहिणीनं बहिणीला आणलं. आणि मालकिणी त्यांना काय म्हणत? ब्रिजेट. मुलीचं खरं नाव काहीही असो, आयरिश मोलकरीण म्हणजे ब्रिजेट. आज अमेरिकेत त्यांची पणतवंडं बोटींच्या याद्या, चर्चची दप्तरं चाळून आपलं कुळ शोधतात. बाईचं कूळ शोधताना त्यांनाही तीच अडचण येते. लग्न झालं की आडनाव बदलतं, आणि माग तिथेच तुटतो.

आपल्याकडे तर आडनावच काय, पहिलं नावसुद्धा बदलतं. आणि ब्रिजेट म्हणायची सोय आपणही केलीच आहे. भांडी घासायला येते ती 'बाई' आणि डबा देते ती 'मावशी'. दहा वर्षं डबा खाल्ला तरी मावशीचं नाव माहीत नसतं.

आजीची तीन नावं

आजी गेल्यावर मी शोध घ्यायला लागले. हातात काय होतं? तिची एक पत्र्याची पेटी. त्यात जुनं रेशन कार्ड, बाळंतपणाचा एक दाखला, गावच्या देवीचा फोटो आणि गिरणीचा एक फाटका पास. पासवरचं नाव वाचून मी चक्रावले. ते आजीचं नाव नव्हतंच.

मग तिच्या बरोबरीच्या दोन बायका शोधून काढल्या. एक काळाचौकीत लेकीकडे होती, दुसरी संगमेश्वर तालुक्यात गावी. दोघींनी मिळून मला माझी आजी सांगितली. ती अशी.

आजीला चौदा-पंधराव्या वर्षी लग्न करून दिलं. सासरी नाव बदललं. आजोबा गिरणीत होते, छातीच्या दुखण्यानं तिशीतच गेले. पदरात तीन मुलं. सासरच्यांनी सांगितलं, मुलं ठेव आणि तू माहेरी जा. माहेरी तरी कोण बसवून खायला घालणार? तिची मावशी, म्हणजे त्या नाव न सापडणाऱ्या पणजीची सख्खी बहीण, मुंबईत गिरणीच्या रिळींग खात्यात होती. तिनं निरोप धाडला, 'पोरांना घेऊन ये'. मावशीनं खात्यातल्या नायकिणीच्या हातापाया पडून आजीला वाइंडिंगमध्ये लावलं. नायकीण म्हणजे बायकांवरची मुकादम. तिच्या शब्दावर बाईला काम मिळायचं आणि जायचंही. त्या खात्यात आजीच्या नावाच्या दोघी आधीच होत्या. नायकीण म्हणाली, 'तुझं नाव आजपासून हे.' तेच पासावर चढलं. माहेरचं एक, सासरचं एक आणि गिरणीतलं एक, अशी तीन नावं. तिन्हींपैकी एकही तिनं स्वतः घेतलेलं नव्हतं.

मी त्या काळाचौकीच्या आजींना विचारलं, "तुम्हाला राग नाही आला, नाव बदललं तेव्हा?" त्या म्हणाल्या, "नाव काय चाटायचंय? काम होतं ना."

या दोन बायकांमुळे मला कळलं की आमच्या घराचा मुंबईतला पाया पुरुषानं पुरुषाला आणण्यातून पडलेला नाही. आजोबा वारले तेव्हा तो धागा तुटलाच होता. मावशीनं भाचीला आणलं म्हणून आम्ही आहोत. गिरणीत काम करणाऱ्या कितीतरी बायका अशाच विधवा किंवा टाकलेल्या होत्या. त्यांनी एकमेकींना आणलं, एकमेकींची पोरं सांभाळली. पण कुळाच्या झाडात 'मावशी' ही फांदीच नसते.

आता या वाइंडिंग-रिळींगविषयी थोडं बोलायला हवं, कारण आपल्यातल्या तरुण मुलींना वाटतं गिरणी कामगार म्हणजे पुरुषच. १९२०-३० च्या दरम्यान मुंबईच्या गिरण्यांमध्ये जवळपास पाचवा हिस्सा बायका होत्या. कांडीवरचं सूत उलगडून गुंडाळायचं, त्याच्या लडी करायच्या, ही त्यांची कामं. मजुरी बहुतेक नगावर. तेच काम मागासलेल्या जातींतल्या बाईच्या वाट्याला आलं तर तिचे हाल दुहेरी. जातीची उतरंड गिरणीतही होतीच. विणाई खात्यात धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या चांगल्या पगाराच्या खात्यात घेत नसत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेव्हा गिरणगावाच्या इतिहासातसुद्धा सगळ्यांची रिकामी जागा सारखी नाही, हे आपण विसरू नये.

१९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला. बायका त्यात होत्या, गिरणीच्या दारात बसल्या होत्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायकांनी युनियनचं काम केलं. पार्वतीबाई तर स्वतःच गिरणी कामगार. तरीही पुढच्या काळात बायका गिरणीतून हळूहळू बाहेर फेकल्या गेल्या. का? १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. बायकांना रात्रपाळी नाही, असाही नियम होता. हे कायदे बाईच्या भल्यासाठीच. पण मालक म्हणाले, बाई महाग पडते, रात्री येत नाही. जलद चालणारी नवी यंत्रं आली, कमी माणसं लागू लागली, तेव्हा पहिली काट बायकांच्या खात्यांवर पडली. आणि हे खेदानं सांगायला हवं की आपल्या युनियनवाल्या भावांनीही फार जोर लावला नाही. त्यांच्या मनात हिशेब असा की घर पुरुषाच्या पगारावर चालतं, बाईचा पगार म्हणजे वरखर्च. ज्या बाईच्या घरात पुरुषच नाही तिचं काय, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता.

माझ्या आजीला साठच्या दशकात घरी बसवलं. हाती थोडे पैसे आले. ते खोलीच्या थकलेल्या भाड्यात गेले.

खानावळ आणि १९८२ ची यादी

मग आजीनं खानावळ घातली. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. तीच दहा बाय बाराची खोली, तोच स्टोव्ह, त्यावर आठ-दहा गाववाल्या पुरुषांचं जेवण. पहाटे साडेतीनला उठायचं, सकाळपाळीवाल्याचा डबा. मग दुसऱ्या पाळीचं जेवण. रात्री बाराला सुटून येणाऱ्यांसाठी झाकून ठेवायचं. गिरणीच्या तिन्ही पाळ्या गिरणीत तीन वेगवेगळी माणसं करत, आजी एकटी तिन्ही करायची. पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर वाण्याकडे उधारी, तीही व्याजानं. एखादा बुडवून गावी गेला की तो खड्डा तिनंच भरायचा.

या बायकांचं दुखणं ओळखून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे तुमच्यापैकी जुन्या मैत्रिणींना माहीत आहे. सुरुवातीला अवघ्या चौदा खानावळवाल्या होत्या. एकमेकींना जामीन राहून त्यांनी बँकेचं कर्ज काढलं आणि वाण्या-सावकाराचा फास सैल केला. ज्या बाईकडे गहाण ठेवायला काही नाही तिची पत म्हणजे तिची शेजारीण, हे त्यांनी बँकेला पटवलं. आज आपण बचतगट म्हणून जे सहज करतो त्याची एक वाट या खोल्यांतून गेली आहे.

आता लक्ष देऊन ऐका. आजीकडे जेवणाऱ्या एका माणसाचा मुकादमाशी घरोबा होता. त्याची तीन महिन्यांची उधारी तुंबली होती. आजी त्याला म्हणाली, "पैसे नकोत. पोराला बदलीत लाव." अशा रीतीनं १९६९ साली माझे वडील बदली कामगार म्हणून गिरणीत लागले, पुढे कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते मस्टरवर होते.

संपाचं मी सांगायला नको. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. घरं मात्र बायकांनी चालवली. माझी आई भाजी निवडून द्यायच्या कामाला जायची, आत्या दादरला दोन घरची भांडी करायची. आजीची खानावळ तर बसलीच, कारण जेवणारेच गावी परतले. आईचं मंगळसूत्र गहाण पडलं ते सुटलंच नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून इतिहास गोळा केला, २००४ साली तो पुस्तकरूपानं आला. त्या कामामुळे अशा गोष्टी थोड्या तरी नोंदल्या गेल्या.

पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, टॉवर आले, मॉल आले. कामगारांनी लांबलचक लढा दिला, तेव्हा त्या जमिनीच्या एका हिश्श्यात गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरलं. पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली. हे घर कुणाला? १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या मस्टरवर होता त्याला, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसाला.

या एका तारखेत काय झालं बघा. साठच्या दशकात घरी बसवलेली वाइंडिंगवाली आजी या यादीत बसत नाही. तिची मावशीही नाही. त्या पिढीच्या बायकांची गिरणी त्यांच्या हातून आधीच काढून घेतली होती, आणि आता तीच तारीख त्यांना सांगते की तुम्ही कामगार नव्हताच. यादीत नाव वडिलांचं. त्या नावाच्या मागे आजीच्या तीन महिन्यांच्या उधारीच्या भाकऱ्या आहेत, त्या कुठल्याच कागदावर नाहीत.

मी सही केली

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला सोपं नाही.

वडील २००९ साली गेले. घरासाठी अर्ज करायचा तेव्हा वारसांचा प्रश्न आला. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. पुरुषानं मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा. आईचा! म्हणजे आजीचासुद्धा. हे मी वर्गात शिकत होते, समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात. घरी सगळ्यांचं म्हणणं पडलं की आई आज आहे उद्या नाही, मुली सासरी जाणार, अर्ज सरळ मुलाच्या नावानं करू. ओळखीच्या एकानं कागद तयार करून आणला. त्यात वंशावळ काढली होती. पणजोबा, खाली आजोबा, खाली वडील, खाली भाऊ. वरून खाली एक सरळ रेघ, चार पुरुष. आणि खाली बाकीच्या वारसांची 'ना हरकत'. आईनं सही केली. ताईनं केली. आजीनं अंगठा दिला. आणि मी, जी दिवसभर शिबिरांत 'हक्कसोडपत्रावर डोळे मिटून सही करू नका' असं सांगायला शिकत होते, त्या मीसुद्धा सही केली.

का केली? कुणी धाक घातला नव्हता. भाऊ वाईट नाही. उलट तो माझ्या फीसाठी नोकरीला लागला होता. सही न करणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं वाटलं. मैत्रिणींनो, आपल्याकडच्या बायका हक्क सोडतात ते अडाणीपणानं, असं आपण फार सहज बोलतो. बाई हक्क सोडते ते नातं तुटू नये म्हणून. माहेरचा दरवाजा उघडा राहावा, ही त्या सहीची किंमत असते. हे मला पुस्तकातून कळलं नसतं.

आणि गंमत ऐका. घर अजून लागलेलंच नाही. चार बायकांनी मिळून जे घर सोडलं, ते घर अजून बांधूनही झालेलं नाही.

मागच्या वर्षी मी भावाशी बोलले. आधी आजीच्या मावशीची गोष्ट सांगितली, मग उधारीच्या भाकऱ्यांची. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घर लागू दे, मग बघू." मी म्हटलं, "लागल्यावर नाही, आधी." भांडण झालं. आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनंच भावाला सांगितलं, "माझं नाव असू दे कागदावर. मंगळसूत्र माझं गेलंय." आता वकिलांचा सल्ला घेऊन नव्यानं काय करता येईल ते आम्ही तिघं मिळून बघतो आहोत. जमेल की नाही, मला आज सांगता येत नाही.

आता करायचं काय

रडगाणं गाऊन आपल्याला उठायचं नाही. आपल्या मंडळांतून तीन गोष्टी करता येतील असं मला वाटतं.

पहिली, बायकांची वंशावळ लिहायची. आपल्या समाजात कुळाच्या नोंदी ठेवण्याच्या रीती कितीतरी आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्या आहेत, कोल्हापूर-बेळगावकडे हेळवी येऊन पिढ्या वाचून दाखवतात, कोकणातल्या घराण्यांनी कुलवृत्तान्त छापले आहेत. त्यांचा कणा मात्र बापाकडून मुलाकडे जाणारा. आपण आईकडून लेकीकडे आणि मावशीकडून भाचीकडे जाणारी वही करू. प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, मुंबईत कुणी आणलं, काय काम केलं, कधी आणि का सुटलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन गाठलं, म्हणून १९८९ साली तो इतिहास पुस्तकात आला. त्या गेल्या नसत्या तर कित्येक नावं पुसून गेली असती. आपल्या आज्या ऐंशी-नव्वदीच्या आहेत. आपल्याकडे वेळ थोडा आहे.

दुसरी, पेट्या उघडायच्या. जुनं रेशन कार्ड, गिरणीचा पास, फंडाची चिठ्ठी, बाळंतपणाचा दाखला, मनीऑर्डरची पावती, भाड्याची पावती, काही फेकायचं नाही. जागोजाग चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. खोली रिकामी करताना आधी पेटी टाकली जाते, कपाट नंतर. एका पासावर बाईचं भलतंच नाव असेल तर ते का, हे सांगणारी म्हातारी हयात आहे तोवर लिहून घ्या.

तिसरी, सहीच्या आधीची बैठक. वारसाच्या, खोलीच्या, पुनर्विकासाच्या कोणत्याही कागदावर बाईनं सही करण्याआधी तिला मंडळात बोलवा. सही करू नको, असं सांगायला नव्हे. कायदा काय म्हणतो ते शांतपणे समजावून द्यायला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ लाच झाली. पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो भेद काढला. मुसलमान, ख्रिस्ती बहिणींचे कायदे वेगळे, तेही आपल्या कार्यकर्तीला माहीत हवेत. सगळं कळल्यावर ती सही करील तर करू दे. पण न कळता करू नये, आणि एकटीनं करू नये.

सरकारनं २०२४ साली ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. चांगली गोष्ट आहे. स्त्रीवादी मैत्रिणी हे कितीतरी वर्षं आपापल्या घरात करत आल्या होत्या. पण हा नियम पुढे जाणारा आहे. मागे वळून आजीच्या आईचं नाव तो शोधून देणार नाही. ते काम आपलंच.

जाता जाता एक खुलासा. बायकांची नावं गेली म्हणून तासभर तक्रार करणाऱ्या या बाईनं एकाही बाईचं, आपल्या आजीचंसुद्धा नाव सांगितलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. ज्या दोघींनी मला हे सांगितलं, त्यांच्या घरीही घराचे अर्ज पडून आहेत. त्या म्हणाल्या, "आमचं नाव कुठं छापू नको, मुलांना त्रास होईल." घरात बाईचं नाव घेतलं तर अजूनही कुणाला तरी त्रास होतो. त्यांचा शब्द मी पाळते आहे.

पण आजीच्या आईचं नाव मला सापडलं. संगमेश्वरच्या त्या आजींना ते आठवलं, भाताच्या लावणीची गाणी सांगता सांगता. मी ते आमच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे.

तुमच्या हातात कार्यक्रमपत्रिका आहे. तिची मागची बाजू कोरी आहे. आता चहाची वेळ झाली. चहा पिताना त्यावर आपल्या आईच्या आईचं माहेरचं नाव लिहा. ज्यांना येत नसेल त्यांनी लाजू नका, रेघही मारू नका. जागा रिकामी ठेवा, आणि आज रात्री घरी फोन लावा.